आईला चढता येईल अशी गाडी

बोल्सवर्ड, १२ फेब्रुवारी २०२३

प्रिय यिल्डाऊ,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न फोडताच बाजूला टाकशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. फोन तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी आई त्यावर बोलायची नाही. "असलं बोलणं फोनवर करायचं नसतं," म्हणते. कसलं बोलणं, ते मात्र सांगत नाही.

मुद्द्यावर येते. आईला तुझ्याकडे यायचं आहे, फ्रान्सला.

गेल्या आठवड्यात तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. भला माणूस आहे, पण आडपडदा ठेवत नाही. म्हणाला, "बाई, कुठे जायचं राहिलं असेल तर या उन्हाळ्यात जाऊन या. पुढच्या उन्हाळ्याचं मी बोलत नाही." येताना कालव्यावरचा पूल वर उचललेला होता, म्हणून आम्ही रांगेत उभ्या होतो. बोट निघून गेली, पूल खाली आला, तेव्हा म्हणाली, "बाबांची कॅरव्हॅन अजून चालते का गं?"

कॅरव्हॅन अजून आहे, चाकांवरचं ते घर. त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यात, दर हिवाळ्याला चाळीसेक कॅरव्हॅनींच्या गर्दीत, सर्वांत मागे. सिब्रेन गेल्यापासून कुणी बाहेर काढलेली नाही. (माझा नवरा गेला तेव्हा तुझं कार्ड मिळालं होतं. नुसती सही होती, पण मिळालं होतं.)

मी म्हटलं, आई, आगगाडी आहे, विमान आहे. तर म्हणे, विमानात बसणार नाही आणि परक्या पलंगावर झोपणार नाही. मला वाटलं म्हातारपणाचा हट्ट. काल बटाटे सोलता सोलता खरं कारण बाहेर पडलं. "तिनं आपल्याला घेतलं नाही, तर तिच्या उंबऱ्याशी पिशव्या घेऊन उभं राहायचं नाही मला. आपलं अंथरूण आपल्याबरोबर असलेलं बरं."

म्हणजे बघ, तुझ्याकडे यायचंय, पण याचना करायला नाही. तुझ्या कॅम्पिंगवर आम्ही इतरांसारखी जागा राखून ठेवू, इतरांसारखे पैसे भरू. गिऱ्हाइकाला तर नाही म्हणणार नाहीस?

बाबा गेल्याचं तुला छापील शोकपत्रानं कळलं, तेही सगळं उरकल्यावर. नऊ वर्षं झाली त्याला. पाकिटांवर पत्ते मी लिहिले होते, म्हणून मलाही तू त्यातच धरलंस. मी वाद घालत नाही. बाबांनीच सांगितलं होतं, ऐन हंगामात पोरीला धावपळ नको, असं आई तेव्हाही म्हणाली आणि आजही म्हणते. पण आपल्याकडे सगळेच टांगतात तसल्या, आमच्या संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवरून तुझं नाव तिनं एकदाही खोडलेलं नाही. बाबांच्या बहिणीचं खोडलं, तेही बाबांच्या देखत.

आता प्रश्न गाडीचा. माझी गाडी तुला माहीत नाही. चिमुकली आहे. ती फार तर ढकलगाडी ओढेल. तेव्हा कॅरव्हॅन ओढणारी गाडी बघायला लागले आहे. साठी उलटल्यावर लोक कुत्रा पाळतात, मी हे.

हिस्के


बोल्सवर्ड, ५ मार्च

प्रिय यिल्डाऊ,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी बोलत राहते.

गाडी शोधायला वुब्बेला बरोबर घेतलं. वुब्बे आठवतो ना, शेजारच्या गल्लीतला, दुधाचा टँकर चालवायचा? आता निवृत्त आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत आहे. पहिल्याच दिवशी त्यानं मला खुर्चीत बसवून धडा दिला. "हिस्के, एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. ओढणारी गाडी जड हवी. पुढे हलकी आणि मागे जड असली, की वाऱ्याच्या एका झोताला मागची पुढचीला नाचवते. आणि कॅरव्हॅनच्या पाटीवरचं वजन खरं मानू नकोस. ते रिकाम्या कॅरव्हॅनचं. तुझी आई काही रिकामी कॅरव्हॅन घेऊन निघणार नाही."

हे त्याचं बरोबरच निघालं, पण ते पुढे.

वजनाच्या हिशेबानं आम्ही स्नेक गावातल्या एका विक्रेत्याकडे गेलो. त्यानं एक भली थोरली उंच गाडी दाखवली. अख्खं घर ओढेल अशी. वुब्बे तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता, चाकांना लाथा मारत होता, सुखी दिसत होता. आईनं दार उघडलं आणि आत बघितलं. बैठक तिच्या कमरेच्या वर. एक पाय टाकला, हँडल धरलं, दोनदा जोर लावला. नाही जमलं. विक्रेता पोरगा चांगला होता, पळत जाऊन प्लास्टिकची पायरी घेऊन आला.

"ही काय?"

"चढायला, आजी. हिच्यावर पाय दिला की..."

"मी काय गाय आहे, ट्रकात चढवायला?"

पोरगा लालबुंद झाला. वुब्बे म्हणाला, "काकू, मी धरतो ना तुम्हाला."

"इथे धराल. तिथे कोण धरेल?" मग तिनं दार लावून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "यिल्डाऊच्या दारात मला माझ्या पायांनी उतरायचंय. कुणी उचलून ठेवलेलं चालणार नाही."

तेव्हापासून प्रत्येक दुकानात हीच परीक्षा. मी आणि वुब्बे कागद बघतो, ओढायची मर्यादा किती, हुकावर किती भार चालतो. आई कागदाकडे ढुंकून बघत नाही. दार उघडते, पाठ करून उभी राहते आणि बसते. मग उठून दाखवते. ज्या गाडीतून ती उठते ती सहाशे किलोच्या वर ओढत नाही, आणि जी ओढते तिच्यात तिला चढता येत नाही. एका छान बुटक्या गाडीच्या कागदावर ओढायची मर्यादा शून्य होती. शून्य! हुकच लावायचा नाही म्हणे. नवीन गाड्यांत असं असतं, हे वुब्बेलाही ठाऊक नव्हतं. तो दिवसभर घुश्शात होता.

मी विचार करत राहते, की आपण इतक्या गाड्या बघितल्या आणि सगळ्या कुणा तरी धडधाकट माणसासाठी केलेल्या. ओढायचं त्यानं, चढायचं त्यानं. शेजारच्या सीटवर कोण बसणार, याचा कागदावर रकानाच नाही.

तुझी साइट जालावर बघितली. नदी फार सुंदर आहे. फोटोत तू कुठेच नाहीस.

हिस्के


बोल्सवर्ड, २६ मार्च

प्रिय यिल्डाऊ,

गाडी मिळाली. गाव माझ्यावर हसतं आहे.

विजेची आहे, जुनी, एका शाळामास्तराची. लांब, बुटकी, आणि पोटात बॅटरी असल्यामुळे भयंकर जड. दीड हजार किलो ओढायची परवानगी आहे. आई पाठ करून बसली, उठली, परत बसली आणि म्हणाली, "ही खुर्चीसारखी आहे." मास्तरांना ही स्तुती वाटली नाही, पण मला कळलं, की झालं.

वुब्बेचा मात्र पारा चढला. मास्तरांच्या अंगणात उभं राहून त्यानं मला झाडलं. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? विजेची गाडी कॅरव्हॅन ओढायला लागली, की तिचा दम निम्मा होतो. दीडशे किलोमीटर गेलीस, की थांब. आणि थांबायचं म्हणजे नुसतं थांबायचं नाही. चार्जरपाशी कॅरव्हॅन मावत नाही. ती सोडायची, कडेला लावायची, गाडी चार्ज करायची, परत जोडायची. बाराशे किलोमीटर असं करत जाणार? डिझेल घेतलीस तर एका दमात लक्झेंबर्ग!"

आई सीटवरच बसलेली होती, दार उघडं टाकून, हातातली पर्स मांडीवर. तिनं विचारलं, "दीडशे किलोमीटर म्हणजे किती वेळ?"

"दोन तास, काकू. जेमतेम."

"मला दीड तासानं जावं लागतं," आई म्हणाली.

मास्तर बुटांकडे बघायला लागले. आणि मला एकदम हसू फुटलं, यिल्डाऊ, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. ज्या खोडीपायी गाव या गाडीला नावं ठेवतं, त्याच खोडीची आम्हाला गरज होती. डिझेलवाला म्हणजे सिब्रेन, तुला आठवतो. थांबायचं म्हटलं की, "आत्ताच तर निघालो." दर प्रवासात आई पाणी न पिता बसायची. बारा-बारा तास. तेव्हा आम्हाला वाटायचं, ती समजूतदार आहे.

गाडी घेतली. सिब्रेनची बोट विकली, तिच्यात भागलं. बोट त्याला माझ्याहून प्रिय होती, पण आता तो काही म्हणत नाही.

हिस्के


बोल्सवर्ड, २३ एप्रिल

प्रिय यिल्डाऊ,

गाडी दारात आली आणि मग वुब्बेनं शांतपणे विचारलं, "परवान्याचं काय?"

मी म्हटलं, परवाना आहे की, चाळीस वर्षं.

साध्या परवान्यावर गाडी आणि कॅरव्हॅन मिळून साडेतीन हजार किलोपर्यंतच चालतं. तेही कागदावरच्या कमाल वजनानं मोजून. माझी जड गाडी आणि बाबांची कॅरव्हॅन मिळून त्याच्या वर जातात. वुब्बेनं आयुष्यभर हलकी गाडी घेऊ नका असा घोष लावला, आणि जड गाडी घेतल्यामुळेच मी अडकले. तोंड बघण्यासारखं झालं होतं त्याचं. मी त्याला दोन दिवस कॉफीला बोलावलं नाही.

तर तुझी बहीण बासष्टाव्या वर्षी पुन्हा वाहन परीक्षेला बसली.

शिकवायला फेना नावाची मुलगी होती. तिशीची, च्युइंगम चघळणारी आणि कशालाही न घाबरणारी. सहकारी दूध संघाच्या मागच्या मोकळ्या फरसावर आम्ही रिव्हर्सचा सराव करायचो. तुला माहीत आहे, मागे घेताना सगळं उलटं. कॅरव्हॅन डावीकडे जायला हवी तर चाक उजवीकडे. पहिल्या दिवशी मी ती गाडीशी अशी दुमडली, की फेना म्हणाली, "मावशी, ही कॅरव्हॅन आहे, चिमटा नाही."

आई स्टूल घेऊन कडेला बसायची, डोक्याला रुमाल बांधून. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "यिल्डाऊला बोलवायला हवं होतं. ती मागे उभी राहिली की तुझे बाबा डोळे मिटून घ्यायचे." खरंच गं. मी समोर उभी राहून हातवारे करायचे आणि बाबा माझ्याकडे बघायचेच नाहीत. तू मागे उभी राहून ओरडायचीस, "आण, आण, आण, बस!" आणि बसच म्हणजे बस. एकदाही जागेची खुंटी चुकली नाही. मला त्याचा राग यायचा. आठ वर्षांची होतीस.

पास झाले. एकही चूक नाही. परीक्षक म्हणाला, कोपऱ्यावरून मागे घेणं एका दमात जमणारे थोडेच. मी ते आईला सांगितलं, वुब्बेला सांगितलं, बेकरीवाल्याला सांगितलं, आता तुला सांगते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यासाठी तुझ्याकडे जागा राखली आहे. यंत्रानं लगेच आभार मानले. यंत्राचेही आभार.

हिस्के


बोल्सवर्ड, १४ मे

प्रिय यिल्डाऊ,

काल कॅरव्हॅनचं वजन केलं. पशुखाद्याच्या गोदामात वजनकाटा आहे, तिथे वुब्बेच्या ओळखीनं. सामान सगळं भरून झालं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. आकडा बघून वुब्बेनं टोपी काढली आणि डोकं खाजवलं. पाटीवर जेवढी मुभा, त्याच्या कितीतरी वर.

"काकू, आत काय आहे?"

"जरुरीपुरतं."

वुब्बे आणि मी आत शिरलो. पुढच्या पेटीत बटाटे. एक गोणी. मी म्हटलं, आई, फ्रान्समध्ये बटाटे मिळतात. "ते बटाटे नव्हेत," ती म्हणाली. शेंगदाण्याचं बटर, कॉफीची पाकिटं, वाटाण्याच्या सुपाचे डबे, ताकाच्या बाटल्या. हे सगळं ठीक, असं आपल्या देशात सगळेच करतात. पण वजन त्यानं एवढं भरेना. मग वुब्बेनं पलंगाखालची फळी उचलली.

दोन जस्ती टब. काठोकाठ आपली चिकणमाती आणि त्यात बाबांच्या वाफ्यातली रुबार्बची, त्या आंबट देठांची, गड्डी. मुळांसकट खणून घेतली होती. कधी, कुणाकडून, देव जाणे. छातीत कळ येते म्हणून जिना न चढणारी बाई!

"आई, मुळं धुऊन नेऊ या. माती तिथेही आहे."

"या मातीशिवाय ती दुखावतात. बाबा म्हणायचे." आणि मग तिचा आवाज बदलला. "तिला आवडायचं ते. तुला नव्हतं आवडत."

मला काही रुबार्बवरून रडायचं नव्हतं. मी खाली उतरले आणि काट्यापाशी उभी राहिले.

टबामागे अजून एक बुटाचा खोका होता. त्यात तुझ्या आद्याक्षराच्या आकाराची चॉकलेटं, सणाला देतात ती. दर डिसेंबरात मला एक आणि तुला एक, अशी ती घेत राहिली होती. माझं मी त्याच रात्री खायचे. तुझी खोक्यात. जुनी तर पांढरी पडली आहेत. वुब्बेनं ती बघितली, झाकण लावलं आणि म्हणाला, "याला वजन नाही. हे राहू दे."

शेवटी कॅरव्हॅनपुढे लावायचा मोठा तंबू काढला, त्याचे लोखंडी खांब काढले, जुनी सायकल काढली, बटाटे निम्मे केले. माती राहिली. आता पाटीच्या आत आहोत, जेमतेम. वुब्बे म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तंबू सोडून माती नेणारी माणसं बघितली.

हिस्के


बोनजवळ, बर्गंडी, फ्रान्स, ११ जून

प्रिय यिल्डाऊ,

हे तुला आमच्यानंतर मिळेल. तरी लिहिते, सवय झाली.

निघायच्या आदल्या दिवशी तुझं कार्ड आलं. "गावातला पूल अरुंद आहे. कॅरव्हॅन घेऊन वरच्या रस्त्यानं या." बाकी काही नाही. आईनं ते चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून वाचलं, आणि पर्समध्ये ठेवलं. रस्त्यात तीनदा काढलं. "रस्ता नीट बघून ठेवू," म्हणते. दोन वाक्यांत बघून ठेवण्यासारखा रस्ता तो कितीसा!

प्रवास छान चालला आहे. दर थांब्याला कॅरव्हॅन सोडते, चार्जर लावते, परत जोडते. आता हात बसला आहे. सुटलेल्या कॅरव्हॅनमध्ये आई स्वतःच्या संडासात जाते, स्वतःच्या पलंगावर दहा मिनिटं पडते, कॉफीबरोबर एक बिस्कीट खाते. पाणी पिते. तिला मी कधी प्रवासात असं आरामात बघितलं नव्हतं. आज एका बेल्जियन गृहस्थानं विचारलं, "बाई, याला किती दिवस लागणार?" आई म्हणाली, "लागतील तेवढे. आम्ही सुट्टीवर नाही."

पण लक्झेंबर्ग सोडल्यापासून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते आहे. विचारलं की गप्प. उद्या संध्याकाळी पोचू.

हिस्के


बोल्सवर्ड, २ जुलै

प्रिय यिल्डाऊ,

हे पत्र एकटीच वाच. ते आईच्याच सांगण्यावरून लिहिते आहे, पण तिच्यासमोर वाचू नकोस.

मी सुखरूप पोचले. मागे कॅरव्हॅन नसली की ही गाडी उधळल्यासारखी पळते. थांबायची गरज निम्म्यावर आली होती, पण जाताना आम्ही जिथे जिथे थांबलो होतो त्या प्रत्येक ठिकाणी मी थांबले. का, ते मला विचारू नकोस.

आई तुझ्याकडेच राहते म्हणाली, तेव्हा मी हसून हो म्हटलं. खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला. नऊ वर्षं तिच्या गोळ्या, तिचे मोजे, तिचे डॉक्टर मी बघितले, आणि तिला राहायचं होतं तुझ्या अंगणात. घरी येऊन मी दोन दिवस नुसती झोपले. एवढी दमले होते, हे मलाच माहीत नव्हतं. तेव्हा हेवा आणि सुटका, दोन्ही खरं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता आम्ही पोचलो त्या संध्याकाळचं. तुला मागचं दिसलं, आतलं दिसलं नाही.

तू गमबूट घालून आलीस. हॅलो नाही, काही नाही. सरळ कॅरव्हॅनच्या मागे जाऊन उभी राहिलीस आणि हात वर केलास. आरशात मला तुझा हात तेवढा दिसत होता, आईला तिच्या बाजूच्या आरशात तू अख्खी दिसत होतीस. तू म्हणालीस, "आण."

मी मागे घ्यायला लागले. आई म्हणाली, "सावकाश."

"आई, याहून सावकाश म्हणजे उभंच राहणं."

"मग चूक. परत पुढे घे." तिनं सीटचा कोपरा घट्ट धरला होता. "मला एकदा म्हणून बघू दे."

म्हणून मी चुकले, यिल्डाऊ. मुद्दाम. चाक उलटं फिरवलं आणि कॅरव्हॅन वाकडी केली. तुझे सगळे पाहुणे खुर्च्यांवरून उठून आले, मला दिशा सांगायला. तुला वाटलं असेल, हिस्केला येत नाही. मला येतं.

मी गाडी पुढे घेतली. तेवढ्या वेळात आई समोरच्या काचेकडे बघत तिचं वाटभर घोकलेलं वाक्य म्हणाली. सगळं, अथपासून इतिपर्यंत. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. बाबा आजारी पडले तेव्हा मी ग्रोनिंगनला होते. मी येईतो त्यांची वाचा गेली होती, त्या आधीचं फक्त आईला माहीत. आणि म्हणून दुसऱ्यांदा मी जी चुकले, तुझ्या नळाच्या खांबाला जाऊन टेकले आणि तू कॅरव्हॅनवर थाप मारून ओरडलीस, ते मुद्दाम नव्हतं.

तिसऱ्यांदा तू "बस" म्हणालीस आणि मी थांबले. आईनं दार उघडलं. दोन्ही पाय बाहेर टाकले, चौकट धरली आणि उठली. कुणी हात लावला नाही. ती तुझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "यिल्डाऊ, तुझ्या बाबांनी..."

तू म्हणालीस, "उन्हात उभी राहू नकोस, आत चल," आणि तिचा दंड धरलास. तू बरंच केलंस. मीही तेच केलं असतं. पण तिचं वाक्य तिथेच राहिलं, आणि मी निघेपर्यंत तिनं ते पुन्हा उचललं नाही.

रविवारी तिनं तुझ्या फोनवरून मला फोन केला. फोनवर! कुजबुजत होती. म्हणाली, "ही माझ्याशी इतकी चांगली वागते, की आता मला जास्तच भीती वाटते. मला दुसऱ्यांदा धीर होणार नाही. तुला शब्द आठवतात ना? तू लिही." मी म्हटलं, आई, वाचल्यावर ती तुला परत पाठवील. तर म्हणाली, "मग तू न्यायला ये. पण तिला कळल्याशिवाय तिचं खाल्लेलं मला पचत नाही."

शब्द मला आठवतात. असे होते:

"यिल्डाऊ, तुझ्या बाबांनी तुला कळवू नका असं कधीच म्हटलं नव्हतं. ते रोज म्हणत होते, पोरीला बोलव. मी हो म्हणायचे आणि खाली जाऊन फोनपाशी बसून राहायचे. तू आली असतीस तर शेवटी ते तुझ्याकडेच बघत राहिले असते. मला ते माझ्याकडे बघायला हवे होते. मग त्यांची वाचा गेली आणि मला विचारणारं कुणी उरलं नाही. बघितलं त्यांनी माझ्याकडे. पण दाराकडे जास्त बघितलं."

मला यात काही मिळवायचं नाही आणि काही कमी करायचं नाही. तिला ठेवून घेणार असशील तर तसं कळव. नाहीतर गाडी चार्ज केलेली आहे, मी निघते. दोन्हीपैकी काहीही केलंस तरी मी तुला बोल लावणार नाही.

एक मात्र सांगते. आईला ठाऊक आहे, हे पत्र आज-उद्या येणार. टपालाची गाडी फाटकाशी दिसली, की ती उठून कॅरव्हॅनमध्ये जाते आणि दार लावून घेते. तिनंच मला सांगितलं. म्हणजे आत्ता, तू हे वाचते आहेस तेव्हा, ती त्या दाराच्या आत बसली आहे. काय ठरवायचं ते नंतर ठरव. आधी जाऊन दार वाजव.

हिस्के